तुमचे प्रश्न: सगळ्यांनी मिळून शेती करायची, पण सुरुवात कुठून?

ह्या वेळी आलेल्या पत्रांमध्ये आणि मेसेजमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. पाच-पंचवीस जण एकत्र येतात, कुठली तरी पडीक जमीन मिळते, आणि नुसतं पीक न काढता जमीनही सुधारायची असं ठरतं. फार आनंद झाला वाचून. सगळी पत्रं जशीच्या तशी देणं शक्य नाही, म्हणून थोडक्यात करून घेतली आहेत, आणि उत्तरं जिथे लांबली तिथे लांबू दिली आहेत कारण विषयच तसा आहे.

प्रश्न: आम्ही काही कुटुंबं मिळून सामूहिक शेती सुरू करतोय. ओळखीतल्या एकांची जमीन बरीच वर्षं पडून आहे, ते म्हणाले बिनधास्त करा, मला लागली तर परत मागेन. सगळे उत्साहात आहेत. आधी ट्रॅक्टर लावून नांगरून घ्यावी का?

उत्तर: ताई, नांगराचं नंतर बघू, आधी ते "लागली तर परत मागेन" आहे ना, त्याबद्दल बोलून घ्या. मला माहितीये की हे ऐकायला कुणाला आवडत नाही, सगळ्यांना मातीत हात घालायचा असतो आणि कागदपत्रं म्हटलं की कंटाळा येतो, पण जमीन सुधारण्याचं काम इतकं सावकाश चालतं की कागद नसेल तर तुम्ही दुसऱ्याची जमीन फुकट सुधारून द्याल आणि पीक यायच्या वेळेला बाहेर पडाल.

सावकाश म्हणजे किती ते बघा. एक हेक्टर जमिनीचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर घेतला तर त्या मातीचं वजन साधारण २० लाख किलो भरतं. त्यात सेंद्रिय पदार्थ फक्त एक टक्क्याने वाढवायचा म्हटलं तरी २० हजार किलो टिकाऊ माल मातीत मुरला पाहिजे, आणि आपण जे खत आणि पालापाचोळा टाकतो त्यातला बराचसा भाग जिवाणू आणि बुरश्या खाऊन टाकतात, तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो, मागे राहतो थोडासाच. म्हणून हे एका हंगामाचं काम नाही, वर्षानुवर्षांचं आहे, आणि तेवढी वर्षं जमीन तुमच्या हातात राहणार आहे का हा पहिला प्रश्न आहे.

दोन खरी उदाहरणं सांगते. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात साउथ सेंट्रल फार्म नावाची १४ एकरांची सामूहिक शेती होती, साडेतीनशेच्या आसपास कुटुंबं तिथे वाफे करायची, दहा-बारा वर्षं चालली, झाडं मोठी झाली, आणि मालकीचा वाद सुटला नाही म्हणून जून २००६ मध्ये पोलिसांनी लोकांना बाहेर काढून त्यावर बुलडोझर फिरवला. दुसरं उदाहरण पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधले शेतकरी याकुबा सावादोगो ह्यांचं. १९८० च्या सुमाराच्या दुष्काळात गाव सोडून माणसं जात होती तेव्हा ते तिथेच राहिले, दगडासारख्या झालेल्या जमिनीत कोरड्या दिवसांत खड्डे घेत गेले, त्यात शेणखत घालत गेले, त्या खतावर वाळवी यायची आणि तीच माती भुसभुशीत करायची, पाऊस आला की पाणी त्या खड्ड्यात थांबायचं. ह्या खड्ड्यांना तिकडे झाई म्हणतात. पद्धत जुनीच, त्यांनी खड्डे मोठे केले, खत वाढवलं, दगडांच्या ओळी लावल्या, आणि ज्वारी-बाजरीबरोबर अख्खं जंगल उभं केलं. २०१८ साली त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पण शेजारचं शहर वाढलं तेव्हा त्याच जमिनीवर प्लॉट पडायला लागले. एवढ्या मोठ्या माणसाला हे चुकलं नाही तर आपल्याला कसं चुकेल.

तेव्हा मालकांशी बसा आणि लिहून घ्या. किमान पाच वर्षं, जमत असेल तर दहा. परत मागायची झाली तर किती महिने आधी सांगायचं, उभं पीक असेल तर काढू द्यायचं की नाही, पाणी कुठून घ्यायचं आणि किती, जायची वाट कुणाची, तुम्ही लावलेल्या झाडांचं काय, कुणाला काही लागलं-खुपलं तर जबाबदारी कुणाची. मालक चांगले आहेत हे मान्य, पण मालकांच्या पुढच्या पिढीला तुमची ओळखही नसेल, हे लक्षात ठेवा. हे झालं की मग नांगराचं बोलू, आणि तेव्हाही माझं म्हणणं असं राहील की एक पावसाळा जमीन नुसती बघा. मोठ्या पावसात छत्री घेऊन जा, पाणी कुठून शिरतं, कुठे तुंबतं, कुठे माती घेऊन पळतं ते कागदावर काढा. बांध, चर, रस्ता, खताची जागा हे सगळं त्या कागदावरून ठरेल. एवढ्यात सगळी जमीन उघडी केली आणि नंतर पाऊस झाला तर वरचा चांगला थर वाहून जाईल आणि तो परत येत नाही. थांबणं जमतच नसेल तर कोपऱ्यातला छोटा तुकडा घ्या आणि उत्साह तिथे लावा.

प्रश्न: माती परीक्षण करून घेतलं, रिपोर्टमध्ये सामू, नत्र, स्फुरद, पालाश वगैरे आकडे आलेत. पण जमीन जिवंत आहे की नाही हे घरच्या घरी बघता येतं का? आमची जागा रस्त्याला लागून आहे, आधी तिथे जुनं बांधकाम होतं.

उत्तर: बघता येतं, आणि लॅबच्या रिपोर्टइतकंच ते महत्त्वाचं आहे. एक म्हणजे ढेकळाची परीक्षा. वाळलेलं ढेकूळ घ्या, सुपारीएवढं, जाळीच्या गाळणीत ठेवून काचेच्या ग्लासातल्या पाण्यात सोडा आणि बघत बसा. ज्या मातीत मुळं, बुरशी, सेंद्रिय चिकटा आहे ते ढेकूळ बराच वेळ तसंच टिकतं, नुसते बुडबुडे येतात. जी माती वारंवार नांगरून आणि उघडी ठेवून थकली आहे ते ढेकूळ बघता बघता विरघळतं आणि ग्लासाच्या तळाला गाळ बसतो. पावसात शेतात हेच होतं, मोठा थेंब सेकंदाला जवळजवळ नऊ मीटर वेगाने येऊन आपटतो, ढेकूळ फुटतं, बारीक कण छिद्रांमध्ये जाऊन बसतात, वर पापडी धरते आणि मग पाणी आत न जाता वरून निघून जातं. शेतातला नमुना आणि बांधावरच्या, कधीच न नांगरलेल्या जागेतला नमुना असे दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवा, सगळ्या सभासदांना बोलावून दाखवा, भाषण द्यायची गरजच पडत नाही.

दुसरी परीक्षा पाणी मुरण्याची. १५ सेंटिमीटर व्यासाचा डबा घ्या, बूड कापून टाका, अर्धा जमिनीत ठोका, आणि त्यात साधारण ४४० मिली पाणी ओता, म्हणजे अडीच सेंटिमीटर पाऊस पडल्यासारखं होतं. ते मुरलं की लगेच तेवढंच पुन्हा ओता आणि ह्या दुसऱ्या वेळचा टाइम लिहून ठेवा, पहिल्या वेळी माती कोरडी असते म्हणून तो आकडा फसवा असतो. तिसरं, वाफसा असताना, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, फावड्याने एक चौकोन खणा, वीत-दीड वीत खोल, मुळं सरळ खाली गेलीत की एका पातळीवर आडवी वळलीत ते बघा, आडवी वळली असतील तर खाली कठीण थर आहे. गांडुळं मोजा. मातीचा वास घ्या.

आता तुमच्या जागेबद्दल जरा काळजीने सांगते. रस्त्याकडेची आणि जुन्या बांधकामाची जागा असेल तर शिशाची म्हणजे लेडची तपासणी वेगळी करून घ्या, नेहमीच्या रिपोर्टमध्ये ती नसते. गाड्यांच्या पेट्रोलमधलं शिसं जगातून पूर्णपणे बंद झालं ते २०२१ मध्ये, आणि जुन्या रंगांमध्येही ते असायचं, आणि एकदा मातीत बसलं की ते वाहूनही जात नाही आणि कुजतही नाही. लोकांना वाटतं भाजीतून येईल, तेही थोडं येतं, पण लहान मुलांच्या बाबतीत खरा धोका मातीचे हात तोंडात जाण्याचा आणि धुळीचा आहे. शिसं जास्त निघालं तर त्या भागात कंदमुळं आणि पालेभाज्या नकोत, बाहेरून स्वच्छ माती आणून उंच वाफे करा, वाटांवर जाड आच्छादन टाका म्हणजे धूळ उडणार नाही, आणि मुलांसाठी हात धुवायची जागा सगळ्यात आधी बांधा, अवजारांच्या शेडच्याही आधी.

प्रश्न: सेंद्रिय आणि रिजनरेटिव्ह ह्यात नक्की फरक काय? नेटवर वाचलं की कर्ब, म्हणजे मातीतला सेंद्रिय कार्बन, एक टक्का वाढला की जमीन लाखो लिटर जास्त पाणी धरते, आणि नांगरट बंद केली की सगळं आपोआप होतं. खरं आहे का?

उत्तर: सेंद्रिय म्हणजे मुख्यतः काय वापरायचं नाही ह्याची यादी, रासायनिक खत नको, रासायनिक कीटकनाशक नको. पण सेंद्रिय शेतीतही कुणी वर्षातून चार वेळा नांगरून जमीन उघडी टाकू शकतो, त्याचं प्रमाणपत्र जात नाही. रिजनरेटिव्ह म्हणजे पुनरुज्जीवन करणारी शेती, तिथे प्रश्न असा की दर वर्षी जमीन आधीपेक्षा बरी होतेय का. अमेरिकेतल्या रॉबर्ट रोडेल ह्यांनी १९८० च्या दशकात हा शब्द शेतीत रुजवला, त्यांच्या संस्थेत १९८१ पासून एकाच शेतावर रासायनिक आणि सेंद्रिय पद्धती शेजारी शेजारी चालवून बघतायत. कामाचे नियम थोडेच आहेत, जमीन झाकलेली ठेवा, उलथापालथ कमीत कमी करा, जमिनीत कायम काही ना काही मूळ जिवंत असू द्या, एकच पीक न घेता मिश्र घ्या आणि बेवड बदलत राहा, म्हणजे त्याच जागी पुन्हा तेच पीक नको.

आता त्या दाव्यांबद्दल. २०१८ साली दोन मृदाशास्त्रज्ञांनी जगभरातल्या हजारो मोजण्या एकत्र करून बघितल्या, तर कर्ब एक टक्का वाढल्यावर १०० मिलिमीटर जाडीच्या मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी फक्त १ मिलिमीटरच्या थोडं वर वाढतं असं निघालं. लाखो लिटर नाही. मग पाण्याचा फायदा होत नाही का, तर होतो आणि भरपूर होतो, पण तो वेगळ्या वाटेने होतो. आच्छादनामुळे पापडी धरत नाही, पाणी पळून न जाता आत शिरतं, ऊन थेट मातीला लागत नाही म्हणून बाष्प कमी उडतं, गांडुळांच्या बिळांतून आणि जुन्या मुळांच्या नळ्यांतून पाणी खोल जातं. म्हणून मी म्हणते की कर्बाचा आकडा वाढायची वाट बघू नका, जमीन झाका, फायदा त्याच पावसाळ्यात दिसतो.

आणि नांगरटीचं. २०१५ मध्ये सहाशेहून जास्त अभ्यास एकत्र करून बघितलं होतं, नुसती नांगरट बंद केली आणि बाकी काहीच बदललं नाही तर उत्पादन सरासरीने घटलं, पिकाचे अवशेष जमिनीवर ठेवले आणि पिकांची फेरपालट केली तेव्हा ती घट बरीच कमी झाली. कोरडवाहू भागात तर ह्या तिन्ही गोष्टी एकत्र केल्यावर फायदाही दिसला. म्हणजे तिन्ही एकत्र करायचं, एक उचलून बाकीचं सोडायचं नाही. ह्या शेतीवर माझा मनापासून विश्वास आहे आणि म्हणूनच फुगवलेले दावे बघून वाईट वाटतं, कारण दोन वर्षांनी ते खरे ठरले नाहीत की माणसं सगळंच सोडून देतात.

प्रश्न: हरळी आणि लव्हाळ्याने जीव नकोसा केलाय. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत, एक म्हणतात तणनाशक मारून एकदाच मोकळं होऊ, दुसरे म्हणतात जमिनीला हातच लावायचा नाही, पुठ्ठे अंथरा. काय करावं?

उत्तर: दोन्ही तण वेगळी आहेत आणि दोघांचा इलाज वेगळा आहे, हे आधी ग्रुपला सांगा, अर्धं भांडण तिथेच मिटेल. लव्हाळा म्हणजे जमिनीखाली गाठींची माळ असते, वरचं पातं उपटलं की गाठ खालीच राहते आणि दुसरं पातं येतं. त्याची पानं इतकी टोकदार असतात की पुठ्ठाच काय पातळ प्लास्टिकही भोकसून वर येतात, म्हणून पुठ्ठेवाल्यांचा उपाय लव्हाळ्याला चालत नाही. त्याचं एक दुखणं म्हणजे सावली. आणि दुसरं म्हणजे पाच-सहा पानं यायच्या आत उपटलं तर नवीन गाठ धरायला त्याला वेळ मिळत नाही, आधीच्या गाठीतलं साठवलेलं खर्च होत जातं. तेव्हा उगवला की लगेच उपटायचा, पुन्हा उगवला पुन्हा उपटायचा, मध्ये एकदाही खंड पडू द्यायचा नाही, आणि त्या जागेवर ताग किंवा चवळीसारखं दाट, लवकर झाकणारं पीक घ्यायचं. आठवड्याला दोन जणांची पाळी लावून हे होतं. सामूहिक शेतीचा खरा फायदा इथेच आहे बरं का, एकट्या माणसाला हे जमत नाही, वीस जणांना जमतं.

हरळीचं उलट. तिचे धागे वरूनही पसरतात आणि खालूनही, आणि प्रत्येक पेराला नवीन मूळ फुटतं. रोटाव्हेटर मारला तर एका काडीचे दहा तुकडे होतात आणि दहा रोपं होतात, तो अजिबात मारू नका. कडक उन्हाच्या दिवसांत कुदळीने किंवा काट्याने ढेकळांसकट उचलायची, धागे वर उघडे पाडून वाळू द्यायचे, मग वेचून बाहेर काढायचे, कंपोस्टमध्ये नाही घालायचे. त्यानंतर जाड काळी ताडपत्री दोन-तीन महिने, कडा मातीत दाबून. हो, ह्यात जमीन उकरली जाते, आणि जमिनीला हातच लावायचा नाही म्हणणाऱ्यांना ते खटकेल, पण एकदाच नीट उकरून नंतर वर्षानुवर्षं न उकरणं हे मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आणि वाफ्याच्या कडेने एक वीतभर खोल चर मोकळा ठेवा, हरळी बाहेरून परत शिरते ती त्याच वाटेने, आणि तो चर साफ ठेवायचं काम कुणाचं ते नावानिशी ठरवा.

तणनाशकाबद्दल माझं मत विचारलंत तर नको. सगळ्यांची मुलं जिथे फिरणार तिथे काय फवारायचं हे सगळ्यांच्या संमतीने ठरलं पाहिजे, आणि अशी संमती मिळत नाही, मिळाली तरी एखादा मनात धरून बसतो आणि हळूहळू यायचा बंद होतो.

प्रश्न: बाहेरून शेणखत आणून घातलं आणि टोमॅटोची व घेवड्याची रोपं वाकडी झाली, पानं आत वळली, शेंडे नेच्यासारखे मुरडले. रोग म्हणून औषध मारलं, उपयोग नाही. बाजूचा मका मात्र छान आहे.

उत्तर: दादा, मका चांगला आणि टोमॅटो-घेवडा वाकडा, ह्यावरून संशय खतातल्या तणनाशकाचा येतो. अमिनोपायरॅलिड आणि क्लोपायरॅलिड नावाची तणनाशकं कुरणात मारतात, ती रुंद पानांच्या झाडांना मारतात आणि गवतवर्गाला काही करत नाहीत. जनावरं ते गवत खातात, औषध त्यांच्या पोटातून जसंच्या तसं शेणात उतरतं, आणि खत कुजवलं तरी लवकर नष्ट होत नाही. २००८ साली ब्रिटनमध्ये कितीतरी लोकांच्या परसबागा अशाच गेल्या होत्या आणि तिथे त्या औषधाची परवानगी काही काळ थांबवावी लागली होती. अगदी थोड्या प्रमाणातही द्विदल पिकं आणि टोमॅटोवर्ग लगेच दाखवतात.

तुमच्याकडे ते खत उरलं असेल तर आजच परीक्षा करा. तीन कुंड्यांमध्ये हे खत आणि चांगली माती अर्धी अर्धी, दुसऱ्या तीन कुंड्यांमध्ये नुसती चांगली माती, सगळ्यांत घेवडा किंवा वाटाणा पेरा आणि कुंड्या अशा ठेवा की एकीचं पाणी दुसरीत जाणार नाही. तीन-चार आठवड्यांत कळतं. खताच्या कुंडीतली रोपं वाकडी आली आणि बाकीची सरळ आली तर ते खत आणखी कुठेही टाकू नका आणि कुणाला देऊ नका. जिथे घातलंय तिथे एक-दोन वर्षं मका-ज्वारीसारखी गवतवर्गातली पिकं घ्या, त्यांचा कडबा मात्र आच्छादनाला किंवा कंपोस्टला वापरू नका. इथून पुढे बाहेरून काहीही आलं, खत असो, भुसा असो, गवत असो, आधी ही कुंडी, मग शेत, असा नियमच करून टाका.

आणि शक्यतो आपलं कंपोस्ट आपण करा. ढीग निदान एक मीटर लांब, रुंद आणि उंच हवा, त्याहून छोटा असला तर तापत नाही. सुकं जास्त, ओलं कमी, पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब निघेल एवढा ओलावा. आतलं तापमान ५५ अंशाच्या वर गेलं पाहिजे, आणि लांब ढीग असेल तर १५ दिवस ते टिकवून त्यात पाच वेळा उलटला की रोगजंतू आणि बहुतेक तणांचं बी मरतं. कच्चं शेणखत घातलं असेल तर जी भाजी मातीला टेकते ती काढण्याआधी किमान १२० दिवस गेलेले असावेत असा अमेरिकेच्या सेंद्रिय मानकांचा नियम आहे, तो कुठेही पाळण्यासारखा आहे.

प्रश्न: सुरुवातीला तीसेक जण होतो. आता पाच-सहा जण राबतात आणि काढणीच्या दिवशी मात्र सगळे येतात. बोललं तर वाईटपणा, नाही बोललं तर मनस्ताप. हे कसं चालायचं?

उत्तर: तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं, कारण सामूहिक शेत्या बंद पडतात त्या किडीने नाही, ह्याच गोष्टीने पडतात. आणि इथे माणसं वाईट असतात असं मला वाटत नाही, नियम ठरलेले नसतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्यांनी आयुष्यभर हेच शोधलं, की पाणी, कुरण, जंगल, मासे अशा सामाईक गोष्टी काही ठिकाणी शेकडो वर्षं नीट कशा टिकतात आणि काही ठिकाणी का मोडतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांना टिकलेल्या ठिकाणी काही गोष्टी सारख्या दिसल्या. सभासद कोण आणि कोण नाही हे स्पष्ट असतं. जो जेवढं देतो त्या प्रमाणात त्याला मिळतं. नियम बाहेरून आलेले नसतात, जे राबतात तेच करतात आणि तेच बदलतात. लक्ष ठेवणारं कुणीतरी त्यांच्यातलंच असतं. चूक केली तर पहिल्या वेळी अगदी हलकी शिक्षा, पुन्हा केली तर जरा जास्त. आणि भांडण सोडवायची जागा जवळ असते, स्वस्त असते आणि लगेच असते.

स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या दाराशी पाटपाण्याचं न्यायालय बसतं. शेतकऱ्यांनीच निवडलेले शेतकरी पंच, वकील नाही, कागदांचे ढीग नाहीत, कुणी पाळी नसताना पाणी घेतलं का, पाट साफ केला नाही का, तोंडी तक्रार, तोंडी उत्तर, निकाल तिथल्या तिथे. कित्येक शतकं हे चाललंय. मला त्यातली गुरुवारची गोष्ट सगळ्यात आवडते, की वार ठरलेला आहे, त्यामुळे राग आठवडाभराहून जास्त मनात साचत नाही.

तुम्ही काय कराल ते सांगते. काढणीचा दिवस सोडून एक वेगळा दिवस ठरवा, महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी फक्त हेच बोलायचं. सगळ्यांना सारखं काम देऊ नका, कुणाला कंबर दुखते म्हणून खणता येत नाही पण हिशोब लिहिता येतो, रोपं करता येतात, ती कामंही तासांत धरा. तास वहीत लिहा, वही उघडी ठेवा, आणि वाटणी तासांवर करा किंवा निदान अर्धी तासांवर करा. ज्यांना येणं खरंच शक्य नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट ठेवा, हंगामाच्या आधीच पैसे भरायचे आणि मग हंगामभर वाटा घ्यायचा, पीक बुडालं तर नुकसानही सगळ्यांचं. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून ग्राहक आणि शेतकरी असं मिळून करतायत, त्याला तेईकेई म्हणतात, आणि अमेरिकेत १९८६ मध्ये दोन शेतांवर अशाच वाट्याच्या पद्धतीने सुरुवात झाली, आज तिथे अशी हजारो शेतं आहेत. राबणारे आणि पैसे भरणारे असे दोन प्रकारचे सभासद ठेवायला काही हरकत नाही, दोघांनाही आपलं काय ते आधी माहीत पाहिजे एवढंच.

आणि एक, जे पाच-सहा जण राबतायत त्यांनी आत्ताच थोडी जमीन कमी करा. तीस जणांसाठी आखलेलं शेत सहा जण ओढतायत म्हणून दम लागतोय. बाकीच्या भागावर ताग पेरून टाका, जमीन झाकलेली राहील, नत्र मिळेल, पुढे माणसं वाढली की घ्या परत. ताग फुलावर यायच्या सुमारास कापून तिथेच पाडायचा, जास्त थांबलात तर दांडा निबर होतो आणि कुजत नाही.

प्रश्न: जनावरं ठेवल्याशिवाय जमीन सुधारत नाही असं एकांनी सांगितलं. शेळ्या घ्याव्यात का?

उत्तर: पहिल्या वर्षी तरी नको. जनावराला सुट्टी नसते, रोज दोनदा कुणीतरी हवंच, आणि ज्या ग्रुपची पाणी द्यायची पाळी अजून बसलेली नाही त्यांनी मुकं जनावर आणू नये. चराईने जमीन सुधारते का ह्यावर शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, चराईने ओसाड जमिनी पुन्हा हिरव्या होतात असं सांगणाऱ्या ऍलन सेव्हरी ह्यांच्या मोठमोठ्या दाव्यांवर बरीच टीका झालीये. एवढं मात्र नक्की की जनावर एका जागी थोडा वेळ थांबलं आणि नंतर त्या जागेला भरपूर विश्रांती मिळाली तर गवत टिकतं, आणि मोकळं सोडलं तर आवडीचं गवत मरतं आणि जागा उघडी पडते. शेजारच्यांच्या शेळ्या-मेंढ्या काढणीनंतर दोन दिवस बसवता आल्या तर बघा, तेवढं सुरुवातीला पुरे.

प्रश्न: फरक किती दिवसांत दिसेल? लोक विचारतात तेव्हा काय सांगावं? नोंदी कशाच्या ठेवाव्यात?

उत्तर: आच्छादन टाकलेल्या जागी पाणी मुरायचा वेग एक-दोन हंगामांत बदललेला दिसतो. गांडुळं आणि ढेकळाची मजबुती दोन-तीन वर्षांत. कर्बाचा आकडा रिपोर्टमध्ये खात्रीने हलायला पाच-दहा वर्षं लागतात, म्हणून तो दर वर्षी करू नका, पैसे वाया जातात, तीन-चार वर्षांनी एकदा करा, त्याच महिन्यात, त्याच खोलीवर, त्याच लॅबमध्ये. लोकांना तुम्ही हेच सांगा, खरं तेच, ज्यांना चालेल ते राहतील.

नोंदी थोड्याच ठेवा पण सलग ठेवा. पाऊस, पाणी मुरायचा टाइम, एका फावड्याच्या चौकोनात किती गांडुळं, कुठल्या वाफ्यात काय होतं आणि आता काय आहे, आणि कोण किती तास आलं. वर्षातून एकदा एकाच जागेवरून, एकाच दिशेला तोंड करून फोटो. मोजायच्या जागांवर खुंट्या ठोकून नंबर घाला, नाहीतर दर वर्षी वेगळा माणूस वेगळीकडे डबा ठोकतो आणि आकडे जुळत नाहीत. आणि वही कुणाच्या घरी नको, शेतावरच प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, पेन्सिल दोऱ्याने बांधून.